सूतभर तिरकं

वर्धमानकाकांनी रायफल टेबलावर आदळली नाही, एवढंच. तोंडानं मात्र सगळं आदळून झालं होतं.

"माझ्या पोरीचं वरीस मातीत घातलंसा, गणपतराव," ते म्हणाले. "बॅरल बदललं आन् गोळी एकदा डावीकडं जातीया, एकदा उजवीकडं. ऐश्वर्या रेंजवर सगळ्यांसमोर रडली. रविवारी निवड चाचणी हाय तिची. मी तुम्हाला बजावलंतं, काम तुमच्याच हातचं पायजे म्हणून. तरी दिलंसाच न्हवं पोरीकडं?"

पोरगी म्हणजे क्रांती, गणपतरावांची लेक. ती तिथंच उभी होती, हातात तेलाचं फडकं. उद्यमनगरातल्या या दुकानात बंदुका दुरुस्त करून तिला नऊ वर्षं झाली होती. तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी ती अजून पोरगीच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हे बॅरल तिनं बसवलंच नव्हतं. काका हटून बसले म्हणून आण्णांनी, म्हणजे तिच्या बापानंच ते बसवलं होतं. तिला त्या दिवशी बेंचजवळ फिरकूसुद्धा दिलं नव्हतं.

आणि आधीचं बॅरल? जे चार वर्षं सोन्यासारखं चाललं, ज्याच्यावर ऐश्वर्यानं पदकं आणली? ते क्रांतीनं बसवलेलं. तेव्हा आण्णांचा खांदा धरला होता. "तू बसव, आन् कुणाला बोलू नगंस," म्हणाले होते. त्यानंतर कधी खांदा, कधी ताप, कधी कुणा पावण्याचं लग्न. काम हिचं, नाव त्यांचं. बापाचं नाव म्हणजे दुकानाचं नाव, अशी मनाची समजूत घालून तिनं तेही गिळलं होतं.

पण आज चोर सोडून संन्याशाला सुळी? हे नाही गिळायचं. क्रांतीनं रायफल बिघडवली ही बातमी उद्या रेंजवर जाईल, परवा जिल्हाभर होईल. मग तिच्या हातात कुणी साधा स्क्रूसुद्धा देणार नाही. ती आण्णांकडं रोखून बघत राहिली. 'मी बसवलंय.' दोन शब्द. तेवढेच बोलायचे होते त्यांनी.

आण्णा शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. एवढा राग तिला वर्धमानकाकांचाही आला नव्हता.

"खोलते," ती म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं स्क्रू काढून रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्यातून उचललं.

बॅरल जिथं मागच्या भागाला जोडतात, तिथं मध्ये लोखंडाची एक चपटी कडी असते. तिला लग म्हणतात. तिची जीभ खाली दस्त्याच्या खाचेत बसते आणि गोळी सुटताना मागं येणारा धक्का लाकडावर घेते. बॅरल आवळताना ही कडी हटकून त्याच्याबरोबर फिरू बघते. जरा फिरली, की रायफल दर गोळीला वेगळी बसणार. कडी जागच्या जागी धरायला क्रांतीनं लेथवर एक साचा करून घेतला होता. आण्णा त्याला शिवत नसत. "डोळं शाबूत असताना साचा कशाला?" म्हणायचे.

कडी तिरकी होती. चांगली सूतभर. खाचेचं लाकूडही एकाच बाजूनं घासून काळं पडलं होतं.

तिनं ते लोखंड तसंच आण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "बघा. आन् सांगा काकास्नी, कुणी बसवलंय त्ये."

आण्णांनी चष्मा चढवला. खिडकीकडं धरून बघितलं, जवळ घेऊन बघितलं, लांब धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"सरळ हाय की," ते म्हणाले. सकाळपासून बसलेला आवाज आता चांगला खणखणीत झाला. "मी बसवलंय ह्ये, वर्धमान. पोरीनं हातबी लावला न्हाय. माझं काम कधी तिरकं गेलंय? तुझ्या ऐश्वर्याचाच हात हालत असंल."

वर्धमानकाका वाकले. त्यांचा जन्म कुरुंदवाडला उसाच्या शेतीत गेला होता, बंदुकीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. पण तिरकं ते तिरकं. ते त्यांनाही दिसलं. त्यांनी क्रांतीकडं बघितलं.

ज्या दोन शब्दांसाठी क्रांती जळत होती, ते आण्णा बोलून मोकळे झाले होते. तिला मात्र ते आता परत त्यांच्या तोंडात कोंबावेसे वाटले. तिनं त्यांचा अंगठा धरला आणि कडीच्या काठावरून फिरवला. जिथं अडायला नको तिथं अंगठा अडला. आण्णांनी तो परत फिरवला. परत अडला.

"आण्णा," ती म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, वाढलाच होता. "कवापासनं दिसंना झालंय तुम्हाला?"

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खांद्याला काय बी झालं नव्हतं माझ्या," ते म्हणाले. "वर्धमानचं मागलं बॅरल तुला बसवाय लावलं न्हवं, तवापासनं."