जावयाची जागा

"चरबीची गाठ असती तर बोटाखाली सरकली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही जागची हलत नाही, बघा."

गादीवाल्याने बोट लावलं. खरं तर त्याला पाहायची गरज नव्हती. गादी शिवून झाली की तिच्यावरून तळवा फिरवायचा, कापसाची गाठ लागली की दाबून मोकळी करायची, हे त्याचं रोजचं काम. त्याच सवयीने सकाळी कुत्र्याच्या बरगडीखाली त्याचा हात अडला होता. टेबलावरचं ते म्हातारं ध्यान मात्र खुशीत होतं. दोन दोन माणसं अंगावरून हात फिरवतायत म्हटल्यावर त्याची शेपूट थांबेना.

"कापून काढली तर?"

"छातीतही पसरलंय." डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. "या वयात त्याचे हाल नका करू. दुखू नये म्हणून गोळ्या देते. आता त्याला हवं ते करू द्या."

हवं ते करू द्या. माणसाच्या बाबतीत डॉक्टर असं म्हणाले की काय समजायचं, हे गादीवाल्याला माहीत होतं. कुत्र्याला उचलून घेऊन तो बाहेर पडला, तेव्हा त्याला रस्ता नीट दिसत नव्हता.

घरी आई पलंगाच्या कडेला वाट बघत बसली होती. कुत्र्याचं नाव जावई, तेही तिनेच ठेवलेलं. एकदा दाराशी आला, पोटभर जेवला आणि पुन्हा जायचं नावच घेईना, म्हणून. 'मुलगी नाही मला, पण जावई आहे,' असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"काही नाही गं. चरबी आहे. तू चोरून चारतेस ना, ती."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आईच्या जिवात जीव आला. तिने जावयाला जवळ ओढून त्याचे कान कुस्करले. "सकाळपासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या."

गादीवाल्याने गोळ्यांची पुडी खिशात आणखी खाली दाबली आणि माठाकडे वळला.

आई खुशीत आली की तिचं एक भांडण ठरलेलं असे. तेच तिने आता काढलं.

"जगाला गाद्या भरून देतोस, आणि माझ्या जावयाला गोणपाट! आज तरी घेऊ का रे त्याला पलंगावर?"

याचं उत्तरही ठरलेलं होतं. केस होतात, पिसवा होतात, ती गादी मी तुझ्यासाठी भरलीय, कुत्र्यासाठी नाही. मग आई तोंड वाकडं करायची आणि जावई गोणपाटावर गोल गोल फिरून अंग टाकायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

गादीवाल्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला.

"घे," तो म्हणाला.

जावयाच्या कानावरचा आईचा हात थांबला. ती लेकाच्या पाठीकडे बघत राहिली. जावयाने मात्र पुढचे दोन पाय गादीवर टाकले होते. मागचे उचलत नव्हते, म्हणून तो कुणीतरी वर घेईल याची वाट बघत होता.

"अरे," आई म्हणाली. "नाही म्हण ना रे. रोजच्यासारखं नाही म्हण."