पहिला घोट

मुनसिफने उकळता चहा बेसिनमध्ये ओतून दिला. रिकामी किटली नळाखाली धरून गार केली, फ्रिजमधला थंडगार चहा तिच्यात भरला आणि दांड्याभोवती जाड फडकं गुंडाळलं. हात पोळू नये म्हणून गुंडाळतात तसं, अगदी नीटस. शेजारच्या किटलीतही थंडच चहा होता. पण तो थंड असायलाच हवा होता.

बाहेर बैठकीत टीव्हीवाले आले होते. फेस शहरातला ऑगस्ट, त्यात त्यांचे ते दिवे. उकाड्याने कोणालाच अंगाला अंग लागलेलं सोसत नव्हतं. दिवाणावर मधोमध झहूर बसली होती, मुनसिफची बायको, डोळ्यांना पट्टी बांधून. कार्यक्रम थेट दाखवला जात होता, चुकलं तर पुन्हा करायची सोय नव्हती. झहूरने फक्त ऐकायचं होतं. ग्लासात चहा पडला, की गरम की थंड ते सांगायचं.

दोघंही विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची. मुनसिफने उमेदीची सगळी वर्षं कृष्णद्रव्याच्या मागे घालवली. ते म्हणे विश्वात सगळीकडे भरलेलं आहे, फक्त अजून कोणाला सापडलेलं नाही. झहूर मात्र प्रयोगशाळेत बसून चहा ओतायची. गरम चहा पडताना आवाज मऊ आणि दबका येतो, थंड चहाचा किणकिणता. पडताना उठणारे बुडबुडे केवढे, यावर ते ठरतं, असं तिने मोजून दाखवलं. आणि काय सांगावं, सगळ्या जगाला तेच आवडलं. परदेशातून बोलावणी आली, वर्तमानपत्रांत फोटो आले. जो तो आपल्या स्वयंपाकघरात चहा ओतून कान लावू लागला.

मुनसिफ जळायला लागला. उगाच दुसरं नाव कशाला द्या, तो जळतच होता. परवा तर भाजीवाल्याने कहर केला, तोही अदबीने 'सी' आणि 'लल्ला', म्हणजे साहेब आणि बाईसाहेब, म्हणत.

"सी मुनसिफ, तुम्ही त्या चहावाल्या लल्लांचे यजमान ना? न्या पुदिना, आजच आलाय. बाईंना सांगा, माझ्याकडचा म्हणून."

मुनसिफ पुदिना न घेताच घरी आला आणि झहूरवर विनाकारण डाफरला.

पूर्वी तो स्वयंपाकघरात चहा ओतायचा तेव्हा झहूर आतल्या खोलीतून ओरडायची, "कोमट झालाय रे, परत ठेव." मग दोघं हसत सुटायची. हल्ली तेच ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सगळा अंदाजपंचे कारभार आहे, असं त्याने स्वतःला पटवून टाकलं होतं. पहिला थंड म्हटला, की दुसरा गरम म्हणायला कान कशाला लागतात? आज पहिला ओतायचा थंड. दुसरा ती न ऐकताच गरम म्हणेल. मग ग्लासाला हात लागेल आणि तिच्या संशोधनाचं साऱ्या देशासमोर हसं होईल. झालं तर होऊ दे.

तो तबक घेऊन बाहेर आला.

"ओतणारे आपले घरचेच," निवेदिका सुकैना कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "तेवढेच सी मुनसिफही टीव्हीवर दिसतील."

मुनसिफ हसला. त्याने पहिली किटली हातभर उंच धरली. धार बरोबर ग्लासाच्या मधोमध पडली.

"थंड," झहूर लगेच म्हणाली.

सुकैनाने ग्लासाला बोट लावलं आणि मान डोलावली. कॅमेरावाल्याने अंगठा दाखवला.

मुनसिफने फडक्यात धरून दुसरी किटली उचलली. दुसऱ्या ग्लासात धार पडली. झहूरच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"आणखी थोडा ओत," ती म्हणाली.

त्याने ओतला. दोन थेंब तबकात सांडले. झहूरने चेहरा त्याच्याकडे वळवला. पट्टी तशीच होती, पण मुनसिफने नजर दुसरीकडे नेली.

"गरम," ती म्हणाली. "चांगला उकळता आहे."

मुनसिफला आतून आनंदाची उकळी फुटली. फसली. एवढी वर्षं ऐकत बसली, आणि फसली. आता बाकी कोणी काही करायची गरज नव्हती, सुकैनाचं बोट ग्लासाच्या दिशेने निघालंच होतं.

"थांब गं, हात नको लावूस," झहूर म्हणाली. "खेळ झाला, आता हा प्यायचा चहा आहे. आणि पहिला घोट ओतणाऱ्याचा, रीतच आहे ती."

सुकैनाने जीभ चावली. "खरंच की, लल्ला. आई बघत असेल, घरी गेल्यावर बोलणी बसणार मला." तिने हात मागे घेतला. "घ्या, सी मुनसिफ. चव बघितल्याशिवाय पाहुण्यांना कसा देणार?"

कॅमेरा मुनसिफकडे वळला. दिवाही वळला.

झहूरने अजून पट्टी सोडली नव्हती. ग्लासाला तर ती शिवलीही नव्हती. ती हळू आवाजात, घरात बोलायची तशी म्हणाली, "जपून, मुनसिफ. पोळेल."

त्याने ग्लास उचलला. बोटांना तो गार लागला, आणि तिने ते केव्हाच ऐकलं होतं हे त्याला कळलं. पोळणारा ग्लास धरतात तसा त्याने तो काठाशी दोन बोटांत धरला, ओठांजवळ नेला आणि साऱ्या देशादेखत त्या थंडगार चहावर फुंकर मारली.