इद्देरच्या छातीसाठी

"मनगटापर्यंत!" बुश्राने किटली कलती केली. "नुसती बोटं ओली करून पळायचं नाही."

शाळेच्या दाराशी पोरांची रांग लागली होती. कोमट पाण्याची वाफ थंडीत वर चढत होती. हम्मू नाक ओढत पुढे आला, पण त्याचे हात पाण्याखाली जायच्या आत त्याची आजी इत्तो हिने मागून त्याची टोपी धरली.

"तू घरी."

"आजी, हे थंडीने वाहतंय!"

"मग चुलीपाशी बसून वाहू दे. इथे इद्देर आहे ना."

"इद्देर, इद्देर! मोठा सुलतानच लागून गेला!" हम्मू पुटपुटला, पण गेला.

बुश्राला भरून आलं. स्वतःच्या नातवाचा दिवस बुडवून दुसऱ्याच्या पोराला जपणारी माणसं तिने रबातसारख्या मोठ्या शहरात पाहिली नव्हती.

शरद ऋतूत ती या डोंगरात शिकवायला आली, तेव्हा तिला तूदाच्या घरातली शेवटची खोली मिळाली. पहिल्याच सकाळी तूदा आपल्या मुलाचा, इद्देरचा, हात धरून दारात उभी राहिली.

"बाई, याची छाती नाजूक आहे. वर्गात एकाला ताप आला की सगळ्यांना येतो. आणि याला आला तर..."

बुश्राने खोकला आला म्हणून तोंड ओढणीत लपवलं, मग त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "मी याला काही होऊ देणार नाही."

शब्द देऊन बसली खरी, पण मनात धाकधूक होती. तिच्या आधीचे मास्तर थंडीने आजारी पडून, घाट बंद व्हायच्या आतच निघून गेले होते. शाळेला कुलूप लागायचं आणि वसंतापर्यंत पोरं अक्षरं विसरून जायची. तिनेही एकच हिवाळा कसाबसा काढायचा, एवढंच ठरवलं होतं. आता त्यात हे नाजूक पोर.

बायकांना स्वच्छता शिकवताना नाकी नऊ येतील, असं तिला वाटलं होतं. झालं भलतंच. बायकाच तिच्या पुढे. सकाळी बाईंच्या हाताचं चुंबन घ्यायची पोरांची रीत त्यांनी एका दिवसात बंद केली; छातीवर हात ठेवून लांबूनच सलाम. प्रत्येकाचा पेला वेगळा, वेगळ्या खिळ्याला. सगळ्या चटया मागे सरकवल्या. एकट्या इद्देरची चटई बाईंच्या टेबलाला लागून, शेगडीच्या उबेत.

"तिथे गर्दीचा श्वास नाही लागत," तूदा म्हणाली. बुश्राला पटलं.

गावातल्या यामनाला ताप आला तेव्हा बुश्रा तिला बघायला निघाली. आजाऱ्याची विचारपूस न करणं म्हणजे माणुसकी सोडणं. पण इत्तो गल्लीतच आडवी आली.

"कुठे निघालात?"

"यामनाकडे. नाही गेले तर बरं दिसेल का?"

"दिसेना का! तिथला ताप अंगाला चिकटवून आणाल आणि सकाळी इद्देरशेजारी बसाल. मी पोचवते तुमचा सलाम. तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात पोचवते."

बुश्रा हसून मागे फिरली.

दुपारी तूदाचा थर्मास यायचा. रानओव्याचा काढा, मध घातलेला. इद्देर एक घोट घ्यायचा आणि एरंडेल पाजल्यासारखं तोंड करायचा.

"तुम्ही घेतल्याशिवाय तो घेत नाही हो," तूदा सांगायची. "आणि उरलेलं टाकू नका. मध आहे त्यात."

मग उरलेलं बुश्राच प्यायची. मधाचं वाया घालवायचं कसं?

रबातहून आई फोनवर विचारायची, "तुझी तब्येत कशी आहे गं?"

"माझं सोड आई, इद्देर ठणठणीत आहे!"

बर्फ पडलं, घाट बंद झाला. ताप या घरातून त्या घरात फिरला, पण वर्गाचा उंबरा त्याला ओलांडता आला नाही. पोरं शिकत राहिली. हम्मूसुद्धा अडखळत वाचायला लागला आणि त्याच्या आजीने ते सगळ्या गावाला ऐकवलं. इद्देर तर एकदाही शिंकला नाही.

बदामाला फुलं आली तेव्हा बायकांनी तिला चहाला बोलावलं. बुश्रा पेला हातात धरून बसली आणि एकदम म्हणाली, "मी पुढच्या वर्षीही इथेच राहणार आहे."

बायकांनी जिभा नाचवत अशी हर्षाची किलकारी मारली की अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या.

"मी काही केलं नाही," बुश्राचे डोळे भरले. "सगळं तुम्ही केलंत. एका लेकरासाठी अख्खं गाव झटलं. अल्ला तुमचं भलं करो."

तूदा पेल्यातल्या पुदिन्याकडे बघत राहिली. इत्तोला एकाएकी कोंबड्यांना शिव्या घालायचं सुचलं.

सणाला तूदाचा नवरा मोहा अगादीरहून आला. तिथे तो घरं बांधायच्या कामावर होता. आल्याआल्या, पायाची धूळही न झटकता, तो शाळेत शिरला. छातीवर हात ठेवून त्याने सलाम केला आणि बगलेतलं गाठोडं बुश्रापुढे ठेवलं.

"तूदाने फोनवर सांगितलं, पुढच्या हिवाळ्याला छाती झाकेल असं जाकीट आण. अस्सल मेंढीची लोकर आहे, बाई."

"फार चांगलं केलंत. इद्देरला याची गरजच होती."

"इद्देरला?" मोहाने घडी उलगडून जाकीट हवेत धरलं. ते चांगलं मोठ्या बाईच्या अंगाचं होतं. "त्याला जन्मल्यापासून साधं पडसंही झालेलं नाही. म्हणून तर भिंतीपलीकडून तुमचा खोकला ऐकल्यावर गावच्या बायकांनी तुमच्याशेजारी बसवायला त्यालाच निवडलं!"