पाय काढू नकोस

"अजून एकदा," चंद्रप्रकाश फोनवर म्हणाला. "आता पूर्ण दाब."

विकीने ॲक्सिलरेटर दाबला. पिकअप थरथरली. मागची चाकं जमिनीतल्या रोलरांवर भन्नाट फिरू लागली, आणि गाडी होती तिथेच राहिली. पुढून-मागून जाड पट्ट्यांनी ती जमिनीला बांधलेली होती. समोर दोन हातांवर गॅरेजची भिंत. काटा ऐंशीवर गेला, तरी भिंत तेवढीच जवळ.

अंधेरीला, मरोळच्या आतल्या गल्लीत चंद्रप्रकाशचं गॅरेज होतं. इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र त्याच्याकडे असल्याने लोक लांबून यायचे. विकी मनोरीचा. बापाने घेतलेल्या या जुन्या पिकअपमधून तो बोरीवलीच्या बाजारात मासळी टाकायचा. भरलेली गाडी पूल चढताना धापा टाकायची, म्हणून तिला मोठा टर्बो बसवायचा होता. चंद्रप्रकाशनेच त्याला बोलावून घेतलं होतं. आधी आहे ती ताकद मोजू, मग किती झेपेल ते ठरवू, म्हणाला.

काचेच्या केबिनमध्ये चंद्रप्रकाश उभा होता. शेजारी कॉम्प्युटरसमोर त्याची मुलगी ऋता. आकडे वाचायचं काम तिचं. बापाने तिला यंत्र शिकवलं होतं, स्टीअरिंगला मात्र तो हात लावू देत नसे.

"चाकांवर पन्नास हॉर्सपॉवरसुद्धा नाही," इअरफोनमधून चंद्रप्रकाशचा आवाज आला. "म्हातारी झाली रे तुझी गाडी."

"म्हणून तर आलो ना, शेठ. काढू पाय?"

"नको." चंद्रप्रकाशने काचेतून गाडीच्या मागे पाहिलं. "मागचा पट्टा सरकतोय. एकदम पाय काढलास किंवा ब्रेक मारलास तर गाडी रोलरवरून उडी घेईल. भिंत दिसते ना? ऐंशीवरच ठेव. मी सांगेन तेव्हाच सोडायचा."

विकीने मान उंचावली. आरशात पट्टा दिसत नव्हता.

"चावी फिरवून बंद करतो."

"तेच होईल. पाय काढू नकोस."

इंजिनाचा आवाज पिकअपच्या केबिनमध्ये कोंडला होता. दार हाताशी होतं, पण पाय न काढता उतरणार कसा? पोटरीत गोळा येऊ लागला.

"माझ्या भावाला ओळखतोस ना? सहदेवला?" चंद्रप्रकाशने विचारलं. गप्पा मारल्यासारखं.

"हो. इथेच बसायचे."

"बसायचा. आता पलंगावर असतो. आरे कॉलनीत सकाळी फिरायला गेला आणि कुणीतरी उडवला. कमरेखाली काही हलत नाही."

"ऐकलं मी. वाईट झालं, शेठ. तो पट्टा जरा बघा ना."

"बघतो. ऐक तर. ज्याने उडवला त्यानेच त्याला उचलून हॉस्पिटलला आणलं. स्ट्रेचरवर ठेवलं आणि नाव न सांगता पळाला. काल तिथला वॉचमन भेटला. म्हणाला, पांढरी पिकअप होती, मागच्या फळीवर होडी रंगवलेली."

विकीने स्टीअरिंग घट्ट धरलं. ती होडी त्याच्या बापाने स्वतः रंगवली होती.

टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकला. गरम रबराचा वास आत आला.

"गाडी तापतेय, शेठ."

"तापू दे. दवाखान्यापर्यंत नेलंस, म्हणजे माणुसकी आहे तुझ्यात. मग दारातून का पळालास? सहदेवला काही आठवत नाही. डॉक्टर विचारत होते, कसा पडला, किती वेळ झाला. सांगायला कोणी नव्हतं."

काचेपलीकडे ऋता खुर्चीतून उठली होती. विकीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा भिंतीवर आणली. बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली.

"कोण चालवत होतं, विकी?"

पाय आता आपला वाटत नव्हता. तो थरथरायचा, तसा इंजिनाचा आवाज वरखाली व्हायचा.

"पप्पा, पुरे झालं," इअरफोनमध्ये ऋताचा आवाज आला. "उतरवा त्याला. माझं ऐका, मी..."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी होतो," विकी घाईने म्हणाला. "मीच चालवत होतो, शेठ."

"एकटा?"

"एकटा."

 मग चंद्रप्रकाश म्हणाला, "हळूहळू सोड."

चाकं मंदावत थांबली. विकी दार उघडून खाली उतरला. त्याने मागे जाऊन पाहिलं. दोन्ही पट्टे घट्ट ताणलेले होते.

"पट्ट्याला काही झालं नव्हतं," चंद्रप्रकाश जवळ येत म्हणाला. विकीला वाटलं, आता मारणार. पण त्याचा हात नुसताच वर झाला आणि खाली आला. "चौकीत येशील माझ्याबरोबर?"

"येईन."

"गाडी अडकवतील. लायसन्स जाईल. बाप काय खाईल तुझा?"

"येतो म्हटलं ना, शेठ."

चंद्रप्रकाशने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतक्या सरळ कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. "पाणी दे त्याला," तो ऋताला म्हणाला आणि फोन कानाला लावून फाटकाबाहेर गेला. "सहदेव," त्याचा आवाज ऐकू आला, "माणूस सापडला रे."

विकी भिंतीला टेकून खाली बसला. ऋता बाटली घेऊन आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. बाटली उघडायचं तिला सुचत नव्हतं. फाटकाकडे एकदा बघून ती अगदी हळू म्हणाली,

"मला खरंच ब्रेक सापडला नाही रे, विकी."