क्लीनरची बाजू

सखाराम क्लीनरच्या सीटवर बसला होता, आणि खवट शेंगदाणा दाताखाली आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. गाडी घेतल्यापासून तो उजवीकडेच बसलेला माणूस. डावीकडे बसणाऱ्याने दार एकदा थापटलं की थांबायचं आणि दोनदा थापटलं की सोडायची, एवढाच त्याचा या बाजूशी संबंध. आज उजवीकडे स्टिअरिंग धरून त्याची धाकटी लेक योगिनी बसली होती, ओढणी कमरेला करकचून बांधून.

सखारामच्या डोळ्यांपुढे धुकं आलं नि त्याचं गाडी चालवणं सुटलं, तेव्हापासून मासळीचा हा ट्रक दारात उभा होता. बंदरावर स्वतःची गाडी असलेल्या मितेशला तो विकत हवा होता. योगिनीला तो चालवायला हवा होता; बापाला न विचारता ती जड वाहनाचं लायसन काढून आली होती. पोरीच्या जातीने ट्रक हाकायचा का, असं काही सखाराम म्हणाला नाही, तेवढा तो बेरकी होता. तो म्हणाला, "मितेशच्या गाडीबरोबर सड्यावर पळव. पुढं आलीस तर चावी तुझी. मागं राहिलीस तर गाडी मितेशची, नि विषय परत काढायचा नाय." पोरगी हरेल आणि घरातली कटकट मिटेल, असा त्याचा साधा हिशोब.

नाटे गावचा सडा म्हणजे नुसतं जांभ्याचं पठार, त्यावरून सुतासारखा सरळ रस्ता. शेवटी थोडा चढाव आणि वर मोबाईलचा टॉवर. टॉवर आधी गाठेल तो जिंकला. दोन्ही तोंडांना रस्ता अडवून बंदरावरची माणसं कडेच्या दगडी गडग्यावर चढून बसली होती. दोन्ही ट्रक रिकामे, शेजारी शेजारी, धूर ओकत उभे. मितेशची गाडी निळी, कोरी करकरीत. नारळ फुटला की सुटायचं, असं ठरलं होतं.

बाबल्या गुरवाने मधोमध दगड मांडला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही दोन लेकरा आज गाड्ये पळवतत, त्यांच्या हातापायांक सांभाळ."

"व्हय म्हाराजा," गडग्यावरून सगळे.

"आणि जो कोण खोटो पळात, त्याचा डिझेल वाटेत आटव."

"व्हय म्हाराजा." या खेपेला जरा जास्तच जोरात.

बाबल्याने नारळ आपटला. मितेशची गाडी उसळून सुटली. योगिनीचा पाय क्लचवरून उठणार, एवढ्यात सखारामने दार थापटलं. एकदाच.

"थांब. फुटला नाय."

डोळे अंधुक झाले होते, कान शाबूत होते. ठक्क झालं होतं, फट्ट नव्हतं झालं. नारळ बाबल्याच्या पायाशी अख्खा लोळत होता. योगिनी दातओठ खात थांबली, पण थांबली. बाबल्याने नारळ उचलून पुन्हा हाणला तेव्हा कुठे पाणी उडालं. तोवर मितेश लांब निळा ठिपका झाला होता.

सखारामने दारावरचा हात आत घेतला. पोरगी हरावी हे त्याला हवंच होतं, पण आपल्या जिभेपायी हरावी हे नको होतं. खऱ्याने थांबली नि फसली, असं आता गावभर झालं असतं.

"मार," तो म्हणाला. "मार गो, बघतंस काय."

तिने मारली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. पत्रा न् पत्रा थडथडायला लागला, सीटखालचा पाना नाचायला लागला. मागे कुणी दिसेना म्हणून मितेशने पाय हलका केला असावा. निळा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. चौथा पडला. इंजिन ओरडत होतं.

"टॉप टाक, पाचवा," सखाराम म्हणाला.

तिचा हात स्टिअरिंगवरून हलला नाही.

"टॉप टाक म्हणतंय ना. मरेल ते इंजिन."

"गप बसा, बाबा."

आजवर त्याला त्याच्या गाडीत कुणी गप बसवलं नव्हतं. तो गप बसला. चढाव लागला आणि पुढून आवाज आला, खर्रर्र. मितेश टॉपमध्ये चढाला भिडला होता. गाडी ढेपाळली आणि आता तो घाईघाईने खालचा गिअर शोधत होता. योगिनी चौथ्यातच होती. तिची गाडी तशीच ओरडत वर चढली. मितेशची खिडकी सखारामच्या खिडकीला इतकी खेटून मागे गेली, की मितेशचा उघडा पडलेला जबडा त्या धुकट डोळ्यांनाही दिसला. सखारामने हात वर केला. नमस्कार केला की टाटा, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

टॉवर आला. टॉवर मागे गेला. मग तिने गाडी थांबवली. खालून गडग्यावरच्या आरोळ्या इथवर येत होत्या. योगिनीचे हात अजून स्टिअरिंगवरच होते आणि ती हसत होती.

"टॉप का नाय टाकलास?"

"पुढं चढाव होता, बाबा."

"मी टाकला असता."

"माहीत आहे."

सखारामने मान वळवून मागच्या चढावाकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि हरलो असतो." आणि खदखदून हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

तो खाली उतरला आणि बोनेटला हात लावत लावत तिच्या दाराशी आला. गाडी घरी न्यायला आता तो स्वतः बसणार, असं तिला वाटलं. ती सीटवर सरकू लागली. त्याने बाहेरूनच तिचं दार दाबून नीट लावलं. खांद्यावरच्या पंच्याने समोरची काच पुसली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वळसा घालून गेला, डावीकडे चढून बसला, हात खिडकीबाहेर काढला आणि दार थापटलं.

दोनदा.