आज्ञार्थाचा तास

शिक्षिकेने फळ्यावर आज्ञार्थी क्रियापदे लिहिली आणि प्रत्येकाला शेजारच्याशी एक इंग्रजी वाक्य बोलायला सांगितले. एकट्या राहणाऱ्या कुमुदिनीबाई कॅनडातल्या नातवंडांसाठी इंग्रजी शिकत होत्या. पुढच्या महिन्यात त्या तिकडे लेकाकडे कायमच्या जाणार होत्या.

वर्षभर त्यांच्याच बाकावर बसणारे विधुर निंबाळकर त्यांच्याकडे वळले. "डोन्ट गो."

कुमुदिनीबाई गोंधळल्या. हा अभ्यास होता की आणखी काही? "म्हणजे 'जाऊ नका', की 'जाऊ नकोस'?"

"इंग्रजीत दोन्हीला एकच."

"मग मराठीत सांगा."

निंबाळकरांचे कान लाल झाले. "जाऊ नकोस, कुमुद."

अख्खा वर्ग वळून पाहू लागला. रागवावे की हसावे, कुमुदिनीबाईंना कळेना.

"पुन्हा म्हण," त्या पुटपुटल्या, आणि आपण 'म्हणा' म्हणालो नाही, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आले.