चौथा ठोका

वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममधून क्लोरीन सोडला की वाफ उठते आणि शेजारच्या थंड टाकीत आतून पांढरी पूड होऊन चिकटते. ती पाडायला ऑपरेटरबाई बाहेरून हातोडीचे तीन ठोके द्यायच्या. आठवडाभर आतून चौथा येत होता.

"बाई, कानाडोळा करा," फोरमन म्हणाला. "आत विषारी वायू आहे, माणूस कसा असेल?"

"कोणी का असेना, माझ्या कामात लुडबुड नको!"

आज बाईंनी मुद्दाम हातोडी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. "बघते, आता कशाला उत्तर देतोस ते!"

आतून सावकाश तीन ठोके पडले. प्रत्येक ठोक्यासरशी बाईंच्या डोक्यावरच्या छताला आतून चिकटलेली पांढरी पूड खाली भुरभुरली.

फोरमन दाराकडे पळाला. बाईंनी खांद्यावरची पूड झटकली, हातोडी उचलली आणि चौथा ठोका दिला.